लिव्हरमधल्या स्टेम सेल आणि त्यांना मिळणारे सिग्नल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सांगून टाकते. पीएचडीची सहा वर्षं मी उंदरांच्या लिव्हरच्या स्लाइड बघण्यात घालवली, त्यामुळे नात्यात कोणाला कावीळ झाली की पहिला फोन मलाच येतो आणि दरवेळी सांगावं लागतं की अहो मी ती डॉक्टर नव्हे. गेल्या वर्षी मावसभावाने काकांना लिव्हरचा तुकडा दिला आणि फॅमिली ग्रुपवर प्रश्नांचा पाऊस सुरू झाला, तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून इथे एकदाच सगळं लिहून ठेवतेय. औषधपाण्याचा सल्ला नाहीये हा, तो आपापल्या डॉक्टरांना विचारा.

लिव्हरमध्ये स्टेम सेल असतात की नाही, एका शब्दात सांगा ना

एका शब्दात नाही जमणार, सॉरी. (स्टेम सेल म्हणजे ती मूळ पेशी, जिच्यापासून नव्या पेशी होत राहतात.) रक्ताचं कसं, बोन मॅरोमध्ये खरोखरच पेशींची एक वेगळी जमात बसलेली असते, तिचं कामच नवीन रक्तपेशी बनवत राहणं. आतड्यात पण तसंच, अस्तराच्या खळग्यांच्या तळाशी त्यांचा पक्का पत्ता आहे. लिव्हरमध्ये असा पत्ता शोधण्यात लोकांची आयुष्यं गेली, दर चार-पाच वर्षांनी कोणीतरी म्हणायचं सापडला आणि दुसरं कोणीतरी म्हणायचं छे. आता बऱ्याच जणांचं मत जिकडे झुकलंय आणि मलाही जे पटतं ते असं, की लिव्हरमध्ये स्टेम सेल ही पेशीची जात नाहीये, ती ड्युटी आहे. छोट्या गावात फायर ब्रिगेड नसते, आग लागली की जो जवळ असेल तो कळशी घेऊन पळतो, मग तो शिंपी असो की मास्तर. तसंच इथे. कोण पळणार हे कोणाला काय निरोप मिळाला त्यावर ठरतं, आणि ते निरोप म्हणजेच हे सिग्नलिंग पाथवे. म्हणून "स्टेम सेल कुठे आहेत" यापेक्षा "कोण कोणाला काय सांगतंय" हा प्रश्न जास्त कामाचा.

पुढचं समजायला दोनच पेशी लक्षात ठेवा. एक हेपॅटोसाइट, म्हणजे लिव्हरची मुख्य कष्टकरी पेशी, साखर साठवणं, प्रोटीन बनवणं, औषधं फोडणं सगळं हिच्याकडे. दुसरी कोलँजिओसाइट, पित्तनलिकेच्या आतलं अस्तर बनवणारी. (आपण जळजळ झाली की "पित्त झालंय" म्हणतो ते पोटातलं ॲसिड, त्याचा इथे काही संबंध नाही. लिव्हरचं पित्त हिरवट पिवळं असतं आणि चरबी पचवायला लागतं. हा घोळ मी लग्नकार्यातसुद्धा समजावून सांगितलाय.) गर्भात या दोन्ही पेशी एकाच पेशीपासून होतात, तिला हेपॅटोब्लास्ट म्हणतात. सख्ख्या बहिणीच त्या, त्यामुळे वेळ पडली तर एक दुसरीचं काम करू शकते, आणि पुढचा सगळा ड्रामा त्यावरच आहे.

सिग्नलिंग पाथवे म्हणजे सोप्या भाषेत काय?

एक पेशी एक प्रोटीन बाहेर सोडते, दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर ते पकडणारा रिसेप्टर असतो, तो आत कोणाला तरी ढोसतो, तो पुढच्याला, असं करत निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि तिथे काही जीन चालू होतात काही बंद. बास. फरक एवढाच की काही निरोप दवंडीसारखे असतात, रक्तातून सगळीकडे पोचतात, एचजीएफ (हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर) त्यातला. काही चाळीतल्या शेजाऱ्यापुरते, विंट तसा, दोन-चार पेशींपलीकडे फारसा जात नाही. आणि नॉच तर एकदम खांद्यावर हात ठेवून, दोन्ही पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतील तरच.

नावं विचित्र आहेत कारण बरीचशी फळमाशीवरून आलीत. पंखांच्या कडेला खाच पडलेली माशी म्हणून नॉच. पंखच नसलेली माशी विंगलेस, तिचं नाव आणि इंट नावाचा उंदराचा जीन जोडून विंट. हिप्पो तर पाणघोड्यावरूनच, तो जीन बिघडला की माशीच्या डोक्यामानेकडचा भाग घड्या पडल्यासारखा फुगतो.

लिव्हर अर्धं कापलं तरी परत येतं हे खरंय का व्हॉट्सॲप?

खरंय. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदीरवर्गातल्या रॅटचं दोन तृतीयांश लिव्हर कापून टाकायची पद्धत नीट लिहून ठेवली, ती आजही जगभर तशीच वापरतात कारण या प्राण्यांत लिव्हरच्या पाळ्या (म्हणजे लोब, लिव्हरचे भाग) सुट्या सुट्या असतात, देठाला दोरा बांधायचा आणि पाळी उचलायची, उरलेल्याला धक्का लागत नाही. आठवडा-दहा दिवसांत वजन जवळपास पहिल्याइतकं होतं.

पण "परत येतं" हा शब्द जरा फसवा आहे. पालीचं शेपूट जसं तुटल्या जागी उगवतं तसं इथे होत नाही. कापलेली पाळी कायमची गेली, ज्या उरल्या त्याच फुगतात. आणि या खेळात स्टेम सेलची गरजच पडत नाही, उरलेल्या साध्या हेपॅटोसाइटच कामाला लागतात. २०१२ च्या एका जपानी अभ्यासात दिसलं की उंदराचं ७० टक्के लिव्हर काढलं तर पेशी आधी आकाराने फुगतात आणि मग विभागतात, पण ३० टक्केच काढलं तर नुसत्या फुगून काम भागवतात, विभागायच्या भानगडीत फारशा पडतच नाहीत. किती काटकसर बघा.

या साध्या पेशींची ताकद किती ते १९९७ मध्ये कळलं होतं. एका उंदराच्या हेपॅटोसाइट दुसऱ्या आजारी उंदरात टाकल्या, त्याचं लिव्हर त्यांनी भरून काढलं, मग त्यातल्या तिसऱ्यात, असं करत करत हिशोब लावला तर पेशी कमीत कमी ६९ वेळा दुप्पट झाल्या होत्या. हे जर साधी पेशी करत असेल तर वेगळी स्टेम सेल हवी कशाला, असा प्रश्न तेव्हाच लोकांना पडायला लागला.

पण लिव्हरला कळतं कसं की आपण कमी झालोय?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे जरा लांबण लागणार.

पहिली गोष्ट, निरोप रक्तातून येतो. १९६७ मध्ये मूल्टन आणि बूचर यांनी दोन रॅटचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं आणि एकाचंच लिव्हर कापलं, तर ज्याला हातही लावला नव्हता त्याच्या लिव्हरमध्येही पेशी नवीन डीएनए बनवायला लागल्या. म्हणजे रक्तात काहीतरी होतं. ते काहीतरी शोधायला पुढे बरीच वर्षं गेली, १९८४ च्या सुमारास जपानमध्ये नाकामुरांच्या ग्रुपला हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर म्हणजे एचजीएफ मिळाला.

आता सीन असा आहे. आतड्याकडून पोर्टल व्हेनने येणारं सगळं रक्त तेवढंच, पण ते घ्यायला लिव्हर एक तृतीयांशच उरलंय, म्हणजे उरलेल्या प्रत्येक ग्रॅमवर एकदम जास्त रक्त आदळतं. त्या रक्तातून आतड्यातल्या जंतूंचे तुकडे पण जास्त येतात. लिव्हरमधल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या राखणदार मॅक्रोफेज, त्यामुळे जाग्या होतात आणि टीएनएफ, आयएल-६ असे निरोप सोडतात. आयएल-६ हेपॅटोसाइटला पकडतो, आत स्टॅट३ नावाचं प्रोटीन चालू होतं आणि झोपलेली पेशी कूस बदलते. हिला प्रायमिंग म्हणतात, म्हणजे गाडीची किल्ली फिरवली, गिअर अजून टाकला नाही. १९९६ मध्ये आयएल-६ चा जीन काढलेल्या उंदरांत हे करून बघितलं तर वाढ रखडली आणि बरेच उंदीर लिव्हर निकामी होऊन गेले.

गिअर टाकतात एचजीएफ आणि ईजीएफ (हाही वाढीचाच निरोप, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर). एचजीएफचा काही साठा पेशींच्या मधल्या जाळ्यात आधीपासून अडकवून ठेवलेला असतो, कापल्याबरोबर यूरोकायनेज सारखी एन्झाइम तो मोकळा करतात, मग स्टेलेट पेशी (लिव्हरमधल्या व्हिटॅमिन ए साठवणाऱ्या) आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी नवीन बनवत राहतात. त्याचा रिसेप्टर मेट, ईजीएफचा ईजीएफआर. यातला एकच बंद केला तर लिव्हर रडतखडत का होईना वाढतं, दोन्ही एकदम बंद केले तर वाढ पूर्ण बंद, हे २०१६ मध्ये पिट्सबर्गच्या ग्रुपने दाखवलं. निसर्गाने सगळीकडे डबल सोय केलीय, म्हणून एक गोळी एक सिग्नल असं इथे सरळ चालत नाही.

विंट सिग्नलचं नाव सारखं ऐकू येतं, ते काय प्रकरण आहे?

लिव्हर मायक्रोस्कोपखाली बघितलं तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनी गाळे दिसतात. मध्ये एक शीर, सेंट्रल व्हेन. कोपऱ्यांवर पोर्टल व्हेन, धमनी आणि पित्तनलिका असं त्रिकूट. रक्त कोपऱ्याकडून मध्याकडे वाहतं. कोपऱ्याजवळचा झोन १, मधला पट्टा झोन २, शिरेजवळचा झोन ३.

सेंट्रल व्हेनच्या अस्तरातल्या पेशी विंट२, विंट९बी आणि त्यांचा जोर वाढवणारा आर-स्पॉन्डिन३ सोडत असतात. त्यामुळे तिच्याभोवतीच्या हेपॅटोसाइटमध्ये बीटा-कॅटेनिन, म्हणजे विंटचा निरोप केंद्रकात नेणारं प्रोटीन, जमा होतं आणि तिथलं कामच वेगळं होतं, अमोनिया पकडून ग्लुटामिन बनवायचं, औषधं फोडायची. पॅरासिटामॉल ओव्हरडोसमध्ये झोन ३ आधी जळतो तो यामुळेच, कारण गोळीचं विषारी रूप बनवणारं एन्झाइम तिथे जास्त. म्हणजे विंट वाढ करायला सांगतो हे अर्धंच खरं, तू कोण आहेस हे पण तोच सांगतो.

२०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या नुसे यांच्या लॅबने सांगितलं की शिरेला चिकटलेल्या ज्या पेशींत ॲक्सिन२ हा जीन चालू असतो त्याच लिव्हरच्या स्टेम सेल, त्यांची पिल्लं वर्षभरात हळूहळू बाहेरच्या दिशेने पसरतात. आम्ही जर्नल क्लबमध्ये तो पेपर वाचला तेव्हा सगळे म्हणाले चला, संपला विषय. कसला संपतो. त्याच वर्षी दुसऱ्या ग्रुपने उलट पोर्टलकडच्या काही पेशी पुढे केल्या. २०१८ मध्ये स्टॅनफर्डमधूनच अजून एक पेपर, की टेलोमरेज (गुणसूत्रांची टोकं जपणारं एन्झाइम) जास्त असलेल्या पेशी सगळीकडे विखुरलेल्या असतात आणि त्या हे काम करतात. मग २०२१ मध्ये डॅलसच्या ग्रुपने १४ वेगवेगळ्या प्रकारे पेशींवर खुणा केलेले उंदीर घेतले (खूण पिल्लांतही उतरते, त्यामुळे कोणापासून कोण झालं ते कळतं), शांघायच्या ग्रुपने वेगळी युक्ती वापरली, आणि दोघांचंही उत्तर एकच, रोजची झीज भरून काढण्यात सगळ्यात पुढे झोन २. मधला पट्टा, ज्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

विचार केला तर पटतं. विष आतड्याकडून आलं तर झोन १ आधी सापडतो, औषधातून बनलं तर झोन ३, मधला दोन्हीकडून वाचतो आणि ज्या बाजूला खड्डा पडेल तिकडे भरती पाठवतो. डॅलसवाल्यांना तिथे आयजीएफबीपी२ आणि एमटॉर या वाढीशी संबंधित प्रोटीनचा सिग्नल महत्त्वाचा दिसला. म्हणजे एकाच अवयवात रोजच्या कामाला एक पाथवे, कापल्यावर दुसरा, आणि पुढे सांगतेय त्या अतिगंभीर वेळी तिसराच.

ओव्हल सेल, प्रोजेनिटर सेल हे काय असतं? डॉक्टरांनी बायॉप्सी रिपोर्टमध्ये डक्ट्युलर रिॲक्शन लिहिलंय

१९५६ मध्ये फार्बर यांनी रॅटला कॅन्सर करणारी रसायनं देऊन लिव्हर बघितलं तर पोर्टलच्या कोपऱ्यात बारक्या अंडाकृती पेशी दिसल्या, त्या ओव्हल सेल. यांनाच प्रोजेनिटर म्हणजे पुढच्या पेशींची पूर्वज पेशी असंही म्हणतात. माणसात साधारण तसंच काहीतरी दिसतं त्याला डक्ट्युलर रिॲक्शन म्हणतात, म्हणजे पित्तनलिकेच्या बारीक फांद्या वेड्यावाकड्या वाढल्यात. उगम बहुतेक हेरिंगच्या कालव्यात, पित्तनलिका जिथे हेपॅटोसाइटला भेटते तो अगदी बारीक जोड. मॅक्रोफेजकडून येणारा ट्वीक नावाचा सिग्नल आणि शेजारच्या पेशींचा एफजीएफ७ या पेशींना वाढवतात. रिपोर्टमध्ये हे शब्द दिसले म्हणून लगेच घाबरू नका आणि लिव्हर नवीन होतंय म्हणून पेढेही वाटू नका, लिव्हरवर बराच काळ ताण आहे एवढाच त्याचा अर्थ, बाकी डॉक्टर सांगतील.

तर वाद असा होता की या नळीकडच्या पेशींपासून खरंच हेपॅटोसाइट होतात का. २०१४ च्या आसपास उंदरांवर खुणा करून बघितलं तर जवळपास नाहीच होत. मग झेब्राफिश वाल्यांनी सांगितलं की आमच्या माशात तर होतात, आम्ही सगळ्या हेपॅटोसाइट मारून टाकल्या आणि नळीकडूनच नवीन आल्या. खरी मेख तिथेच होती. उंदरांच्या प्रयोगात हेपॅटोसाइट धडधाकट होत्या, मग नळीवाल्यांना कशाला बोलावणं येईल. २०१७ मध्ये एडिनबराच्या फोर्ब्स यांच्या ग्रुपने उंदरात हेपॅटोसाइटची विभागण्याची क्षमताच मारली आणि मग इजा केली, तेव्हा कोलँजिओसाइट पुढे आल्या आणि हेपॅटोसाइट झाल्या. मास्तर आजारी पडले तरच शिपाई वर्ग सांभाळतो, तसं. २०२३ मध्ये शांघायच्या ग्रुपने मधली पायरी पण पकडली, एक अर्धवट पेशी जी दोन्हीकडे जाऊ शकते. नळीतून या पायरीवर येताना नॉच महत्त्वाचा आणि तिथून हेपॅटोसाइट होताना विंट.

नॉच आणि विंटचं भांडण म्हणतात ते हेच का?

हो, आणि २०१२ चा एडिनबराचाच पेपर त्यात फार सुंदर आहे. त्या प्रोजेनिटर पेशीला दोन शेजारी असतात. पित्तनलिका दुखावली असेल तर शेजारी मायोफायब्रोब्लास्ट (व्रण बनवणाऱ्या पेशी) जमतात, त्यांच्या अंगावर जॅग्ड१ हे प्रोटीन असतं, ते नॉचला चालू करतं आणि पेशी नळीची होते. उलट हेपॅटोसाइट मेल्या असतील तर मॅक्रोफेज येऊन त्यांचा मलबा खातात, आणि मलबा खाल्ल्यामुळेच त्या विंट३ए सोडायला लागतात, त्याने प्रोजेनिटरमध्ये नंब नावाचं प्रोटीन टिकून राहतं, ते नॉचला गप्प करतं आणि पेशी हेपॅटोसाइट होते. जे मेलंय ते खाऊनच कळतं की काय बनवायचंय. मला हे अजूनही कथेतलं वाटतं.

माणसात याचा पुरावा हवा असेल तर अलाजिल सिंड्रोम बघा. जॅग्ड१ चा जीन बिघडलेला असतो (हे १९९७ मध्ये कळलं), थोड्या मुलांत नॉच२ चा. त्या बाळांच्या लिव्हरमध्ये पित्तनलिका कमी असतात, कावीळ राहते, खाज सुटते, बऱ्याचदा हृदयाची फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, मणके एक्सरेत फुलपाखरासारखे दिसतात. निरोप देणारा शेजारीच मुका असला तर घर कसं अर्धवट बांधलं जातं ते दिसतं.

हिप्पो पाथवे?

हा साइजचा हिशोब ठेवणारा. हिप्पो चालू असला की याप नावाचं प्रोटीन केंद्रकाच्या बाहेर अडवून ठेवतो, बंद पडला की याप आत शिरतं आणि वाढा म्हणतं. २००७ मध्ये उंदरात याप जबरदस्तीने चालू केलं तर लिव्हर काही आठवड्यांत चौपटीच्या वर गेलं, शरीराच्या वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा नुसतं लिव्हर, आणि याप बंद केल्यावर परत पहिल्यासारखं. तसंच चालू ठेवलं की गाठी. २०१४ मध्ये बॉस्टनमध्ये असंही दिसलं की चांगल्या प्रौढ हेपॅटोसाइटमध्ये याप चालू केलं तर ती आपली ओळख विसरून नळीच्या पेशीसारखी वागायला लागते. म्हणजे वाट दोन्हीकडून चालू आहे. आजूबाजूचं टिश्यू कडक झालं तरी यापला कळतं, आणि सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रणांनी भरून कडक होतं तेव्हा, नेमकं तेच होतं.

मग वाढ थांबते कशी?

टीजीएफ-बीटा आणि ॲक्टिव्हिन ब्रेक लावतात, हिप्पो परत चालू होतो, आणि पित्ताम्लांची पातळी लिव्हरच्या मापाप्रमाणे खालीवर होते तो पण एक अंदाज असतो. कोणा एकाच्या हातात ब्रेक नाहीये.

लिव्हर एवढं हुशार आहे तर सिरॉसिसमध्ये का नाही वाढत?

काकांच्या वेळी सगळ्यात जास्त हेच विचारलं गेलं. उत्तर असं की पेशी संपलेल्या नसतात, निरोपच गढूळ झालेले असतात.

स्टेलेट पेशी एरवी शांतपणे व्हिटॅमिन ए साठवून बसलेल्या असतात. दारू, हेपॅटायटिस बी किंवा सी, फॅटी लिव्हर, काहीही असो, वर्षानुवर्षं इजा चालू राहिली की टीजीएफ-बीटामुळे त्या मायोफायब्रोब्लास्ट होतात आणि कोलॅजन ओतत सुटतात. व्रण पडतो, रक्ताचा रस्ता बदलतो, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातली बारीक छिद्रं बुजतात, म्हणजे विंट आणि एचजीएफ देणारे जे शेजारी होते त्यांचाच पत्ता बदलला. वर बऱ्याच हेपॅटोसाइट इतक्या वेळा विभागलेल्या असतात की पी२१ सारखी विभागणी थांबवणारी प्रोटीन चढून त्या म्हातारपणाच्या अवस्थेत जातात, मरत पण नाहीत आणि विभागत पण नाहीत. आणि हे म्हातारपण संसर्गजन्य आहे हो. २०१८ मध्ये पॅरासिटामॉलने इजा केलेल्या उंदरांत दिसलं की टीजीएफ-बीटा मार्फत एक पेशी शेजारणीला पण म्हातारी करते, तो सिग्नल अडवला तर वाढ सुधारली. जो निरोप साध्या दुखापतीत वेळेवर ब्रेक लावतो तोच इथे कायम दाबून धरलेला ब्रेक होतो. म्हणून मूळ कारण थांबवणं, म्हणजे दारू बंद, हेपॅटायटिसची औषधं, वजन, हे कंटाळवाणं वाटलं तरी आज सगळ्यात मोठा सिग्नल बदलणारा उपाय तोच.

मग स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं तर? शहरातल्या एका सेंटरने साडेतीन लाख सांगितलेत

नका देऊ. २०१७ च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) गाइडलाइनप्रमाणे रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांतलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी सगळं स्टेम सेल फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतं, आणि ट्रायलमध्ये सहभागी होण्यासाठी पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की तिथेच उठायचं. आमच्याकडे पण असलं गुळगुळीत पत्रक आलं होतं, मागे आनंदी आजोबांचा फोटो आणि पाथवेचं नाव एकही नाही.

प्रामाणिक प्रयत्न झालेत, नाही असं नाही. जी-सीएसएफ नावाचं इंजेक्शन बोन मॅरोतल्या पेशी रक्तात आणतं. २०१२ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी गंभीर लिव्हर फेल्युअरच्या पेशंटना ते दिलं तर जगण्याचं प्रमाण सुधारलं, आपल्या देशातून आलेला पेपर म्हणून आम्हाला फार कौतुक होतं. मग २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये सिरॉसिसवर जी-सीएसएफ आणि सोबत पेशी अशी ट्रायल झाली, फायदा नाही. २०२१ मध्ये जर्मनीतली मोठी ट्रायल, पुन्हा फायदा नाही. वाईट वाटलं, पण वरचं सगळं वाचलं असेल तर नवल वाटायला नको. आगीच्या ठिकाणी माणसं वाढवली, कळशा कुठे न्यायच्या ते सांगणारा कोणी नाही. म्हणूनच एडिनबरावाले उलट पेशंटच्याच मॅक्रोफेज तयार करून परत देऊन बघतायत, म्हणजे काम करणारे नाही तर निरोप देणारे आणि मलबा उचलणारे पाठवायचे. २०१९ मधली त्यांची पहिली ट्रायल ९ जणांवर होती, ती फक्त सुरक्षित आहे का बघायला.

लॅबमध्ये लिव्हर बनवतात ते ऑर्गनॉइड म्हणजे काय?

नेदरलँड्समध्ये क्लेव्हर्स यांच्या लॅबमध्ये मेरित्शेल हुक यांनी २०१३ मध्ये दाखवलं की उंदराच्या दुखावलेल्या लिव्हरमध्ये पित्तनलिकेजवळ एलजीआर५ (स्टेम सेलची खूण मानलं जाणारं प्रोटीन) असलेल्या पेशी दिसतात आणि त्या जेलमध्ये आर-स्पॉन्डिन, ईजीएफ, एचजीएफ घालून वाढवल्या तर छोटे पोकळ गोळे होतात, महिनोन् महिने वाढत राहतात. २०१५ मध्ये माणसाच्या पेशींचे पण झाले. त्या बरणीत काय काय घालतात ती यादी वाचली की कळेल, या लेखातले सगळे सिग्नलच आहेत ते, लोणच्याच्या मसाल्यासारखे मापात, एक चुकला तर गोळे धरत नाहीत. (माझे तर दोनदा बुरशीने गेले. ते जाऊ दे.) २०२१ मध्ये केंब्रिजच्या ग्रुपने पित्ताशयाच्या पेशींचे ऑर्गनॉइड ट्रान्सप्लांटसाठी न वापरता आलेल्या मानवी लिव्हरमध्ये सोडले आणि त्यांनी पित्तनलिका दुरुस्त केल्या. अख्खं लिव्हर मात्र अजून कोणी बरणीत बनवलेलं नाही, कोणी सांगितलं तर हसून सोडा.

वाढीचा सिग्नल वाढवणारी गोळी का नाही काढत?

कारण तोच सिग्नल कॅन्सरचाही आहे. लिव्हर कॅन्सरच्या साधारण ३० टक्के गाठींत बीटा-कॅटेनिनचा जीन बिघडून विंटचा निरोप कायम चालू राहिलेला असतो. पण प्रयत्न चालू आहेत, एमकेके४ नावाचं एन्झाइम अडवलं तर हेपॅटोसाइट जास्त जोमाने वाढतात असं आधी उंदरांत दिसलं होतं, २०२४ मध्ये त्यावरच्या औषधाचे प्राण्यांवरचे आणि निरोगी माणसांतले सुरुवातीचे निकाल छापून आले. मी लक्ष ठेवून आहे.

हे सगळं उंदरांचं झालं, माणसाचं काय?

रास्त प्रश्न. माणसाला लॅबमध्ये खुणा करता येत नाहीत, पण १९५० आणि ६० च्या दशकातल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढवून ठेवला आणि तो सगळ्यांच्या डीएनएत गेला, त्यावरून पेशीचं वय काढता येतं. २०२२ मध्ये ड्रेस्डेनच्या ग्रुपने हिशोब केला, तर माणूस वीस वर्षांचा असो की ऐंशीचा, लिव्हरच्या पेशींचं सरासरी वय तीन वर्षांपेक्षा कमीच. आणि २०२४ मध्ये वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या पेशंटच्या बायॉप्सी बघून कळलं की आजार वाढत जातो तसतशा हेपॅटोसाइट आणि नळीच्या पेशी यांच्या अधेमधे अडकलेल्या पेशी माणसातही दिसतात, पीआय३के आणि एमटॉरचा सिग्नल त्यात आहे. बहिणी माणसातही एकमेकींचे कपडे घालतात म्हणायचं.

गुळवेलीने लिव्हरच्या पेशी नव्या होतात का?

नाही. उलट २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे घेऊन लिव्हरला सूज आलेल्या ६ पेशंटची माहिती छापली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. ज्यांचं लिव्हर आधीच दुखावलंय त्यांनी "नैसर्गिक आहे" म्हणून काहीही पोटात ढकलू नये एवढंच म्हणेन.

लिव्हर देणाऱ्याचं किती दिवसांत भरून येतं?

उजवी पाळी दिली तर देणाऱ्याकडे साधारण ३५ ते ४० टक्के उरतं. पहिल्या काही आठवड्यांत वाढ सगळ्यात जोरात, मग हळूहळू काही महिने. घेणाऱ्याला मिळणारा तुकडा त्याच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी असावा असा हिशोब धरतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साडेपाचशे ग्रॅमच्या वर. त्याहून लहान असला की तेच पोर्टल व्हेनचं रक्त, जे प्रमाणात असताना वाढीचा सिग्नल देतं, ते त्या छोट्या तुकड्याला झेपत नाही आणि त्याला इजाच करतं. मावसभाऊ तिसऱ्या महिन्यात परत ऑफिसला गेला, जिना चढताना दम लागतो म्हणायचा पण सोनोग्राफीत लिव्हर छान भरलेलं.

भरून आलं म्हणजे तो परत दुसऱ्या कोणाला देऊ शकतो का?

नाही. हे त्याने स्वतःच विचारलं होतं, अर्धं गमतीत. वर सांगितलं तसं कापलेली पाळी उगवत नाही, उरलेलीच मोठी होते. वजन परत आलं तरी उजवीकडची पोर्टल फांदी, धमनी आणि पित्तनलिका कायमची गेली, आता जे आहे ते एकाच देठावर लटकलेलं एक मोठं फळ आहे, त्याचे पुन्हा दोन भाग करायला दुसरा देठच नाही.